चेहरा लाल, डॉक्टर स्क्रीनवर : रोझेशियाचे औषध ऑनलाइन सल्ल्याने कसे मिळते?

गरम चहा प्यायला की चेहरा तापतो. उन्हातून घरी आल्यावर गाल तासभर शांत होत नाहीत. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुरळ येते, पण त्याला मुरमासारखे काळे टोक नसते. घरचे म्हणतात पित्त वाढले आहे. पार्लरमध्ये सांगतात की त्वचा 'सेन्सिटिव्ह' आहे. मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. ती लावली की चार-पाच दिवसांत चेहरा स्वच्छ दिसायला लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बंद केली की आधीपेक्षा जास्त भडकतो.

हे वर्णन अनेकांना ओळखीचे वाटेल. यामागे रोझेशिया असू शकतो, ट्यूबमधल्या स्टिरॉइडने झालेले नुकसान असू शकते किंवा दोन्ही एकत्र असू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्यामुळे आता बरेच लोक मोबाइलवरून खासगी डॉक्टरांचा सल्ला घेतात आणि प्रिस्क्रिप्शनही मोबाइलवरच मिळवतात. भारतात हे कायदेशीर आहे. रोझेशियासाठी ते बऱ्याचदा पुरेसेही ठरते. मात्र या आजारातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी कॅमेऱ्यातून नीट पोहोचत नाहीत : सावळ्या त्वचेवरची लाली, आणि आधी लावलेल्या मलमांचा इतिहास.

रोझेशिया म्हणजे काय?

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटी यांचा, दीर्घकाळ चालणारा दाहाचा विकार आहे. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेमुळे होत नाही. बहुतेकांना तिशीनंतर सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. नाकाची त्वचा जाड आणि खडबडीत होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत अधिक दिसतो.

याचे एकच एक कारण सापडलेले नाही. त्वचेची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चेतवली जाते, चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या लगेच फुगतात, आणि डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे त्वचेवर नेहमीपेक्षा जास्त संख्येने सापडतात. हे किडे बहुतेक सगळ्याच प्रौढांच्या चेहऱ्यावर असतात, त्यामुळे नुसते नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ऊन, उष्णता, गरम पेये, तिखट, मद्य आणि मानसिक ताण यांनी लाली उसळते. चुलीसमोर किंवा गॅसच्या शेगडीजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्यांचा त्रास त्या धगीने वाढतो, हे डॉक्टरांना सांगायचे बऱ्याचदा राहून जाते.

पूर्वी रोझेशियाचे चार ठरावीक प्रकार मानले जात. २०१७ पासून तज्ज्ञ रुग्णाला एका प्रकारात बसवण्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर नेमकी कोणती लक्षणे आहेत हे पाहतात : येऊन-जाऊन होणारी लाली, कायमची लाली, पुरळ, दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, जाड झालेली त्वचा, डोळ्यांचा त्रास. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो, पण प्रिस्क्रिप्शन त्यावरच ठरते. पुरळावर चालणारे मलम रक्तवाहिन्यांच्या जाळीवर काहीच करत नाही. 'रोझेशियाची क्रीम द्या' अशी एकच क्रीम नाही, ती यामुळे.

आजार मुळापासून जात नाही. तो आटोक्यात राहतो, अनेकांचा वर्षानुवर्षे उत्तम आटोक्यात राहतो.

सावळ्या त्वचेवर तो ओळखू का येत नाही?

वैद्यकीय पुस्तकांतली रोझेशियाची चित्रे दीर्घकाळ गोऱ्या चेहऱ्यांचीच राहिली. त्यातून हा 'गोऱ्यांचा आजार' असल्याचा समज पसरला. भारतीय त्वचेवरही तो होतो, फक्त लाल दिसेलच असे नाही. गव्हाळ रंगावर तो तांबूस दिसतो. सावळ्या रंगावर तो तपकिरी, जांभळट किंवा नुसताच काळवंडल्यासारखा दिसू शकतो. मग त्याला वांग, उन्हाचा काळपटपणा, ॲलर्जी किंवा साधी मुरमे समजून उपचार सुरू होतात.

अशा त्वचेत रंगापेक्षा जाणीव जास्त बोलकी असते. चेहरा आतून तापणे, आग होणे, टोचल्यासारखे वाटणे, साध्या साबणाने किंवा मॉइश्चरायझरनेही चुरचुरणे ही रोझेशियाची महत्त्वाची लक्षणे आहेत आणि ती कोणत्याही फोटोत येत नाहीत. ऑनलाइन सल्ल्यात ती शब्दांत सांगावी लागतात. 'चेहरा लाल होतो' एवढेच म्हटले आणि समोर स्क्रीनवर सावळा, लाल न दिसणारा चेहरा असला, तर डॉक्टरांची दिशा चुकू शकते.

ट्यूबचा प्रश्न

भारतात रोझेशियाचा विचार स्टिरॉइड क्रीम बाजूला ठेवून करता येत नाही. या क्रीम दाह झपाट्याने दाबतात, रंगही उजळल्यासारखा दिसतो, म्हणून त्या 'फेअरनेस क्रीम', 'खाजेची ट्यूब', 'डागांची ट्यूब' अशा नावांनी हातोहाती फिरतात. चेहऱ्यावर आठवडे-महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात, पुरळ येते, नको तिथे लव वाढते. थांबवले की लाली आणि आग उसळून येते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध कृतिदलही नेमले.

ही अवस्था रोझेशियासारखीच दिसते. स्क्रीनवर तर दोन्हींत फरक करणे फार कठीण. फरक कळतो तो विचारल्यावर आणि सांगितल्यावर.

अडचण अशी की अनेकांना आपण स्टिरॉइड लावतो हेच ठाऊक नसते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल. यांपैकी काहीही लिहिलेले असेल तर ती स्टिरॉइड क्रीम आहे, मग पुढच्या बाजूला कितीही गोंडस नाव असो. काही मिश्रणांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असे तीन घटक असतात. ती वांगासाठी, थोड्या काळापुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. बाहेर ती रोजच्या क्रीमसारखी लावली जातात.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे औषध नियमांच्या अनुसूची 'एच'मध्ये आणली, म्हणजे ती प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे, तरीही काउंटरवर ट्यूब मिळते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ऑनलाइन सल्ल्यापूर्वीचे सगळ्यात उपयोगी काम अगदी साधे आहे. गेल्या वर्षभरात चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी, पार्लरमधून मिळालेली बिनलेबलची क्रीमसुद्धा, शोधून काढायची आणि तिच्या मागच्या बाजूचा फोटो घ्यायचा. रिकामी ट्यूबही चालते. डॉक्टरांना चेहऱ्याच्या दहा फोटोंपेक्षा हा एक फोटो अधिक सांगून जातो.

स्टिरॉइड सापडले तर ते आपल्या मनाने एका दिवसात तोडून टाकण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. किती दिवस आणि किती तीव्रतेचे स्टिरॉइड वापरले यावरून ते एकदम थांबवायचे, हळूहळू कमी करायचे की त्या जागी टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम द्यायचे हे ठरते. थांबवल्यानंतरचा भडका काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्णाला वाटते की नव्या औषधानेच चेहरा बिघडवला, आणि तो जुन्या ट्यूबकडे परततो.

ऑनलाइन प्रिस्क्रिप्शनचे नियम काय सांगतात?

२५ मार्च २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. नीती आयोगासोबत ती तयार झाली आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला जोडली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली काढली होती, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली. त्यामुळे २०२० चीच चौकट महत्त्वाची.

या चौकटीत औषधांच्या याद्या आहेत. यादी 'ओ'मधली साधी, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी औषधे फोन, मेसेज, व्हिडिओ अशा कोणत्याही मार्गाने सुचवता येतात. यादी 'ए'मधली तुलनेने सुरक्षित औषधे पहिल्या सल्ल्यात द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवरच झालेला हवा. त्वचेला लावायच्या काही मलमांची उदाहरणे याच यादीत आहेत. यादी 'बी'मधली औषधे पुढच्या सल्ल्यात, आधी प्रत्यक्ष तपासून दिलेल्या उपचारांना जोड म्हणून देता येतात. गुंगी आणणारी आणि व्यसन लावणारी, म्हणजे अनुसूची 'एक्स'मधली व अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे ऑनलाइन अजिबात लिहिता येत नाहीत. रोझेशियात त्यांचा संबंध येत नाही.

रुग्णासाठी यातला सर्वांत कामाचा मुद्दा व्हिडिओचा. फॉर्म भरला, दोन सेल्फी टाकल्या, पैसे भरले आणि डॉक्टरांचा चेहराही न पाहता अर्ध्या तासात प्रिस्क्रिप्शन आले, तर पहिल्या सल्ल्यासाठी ही पद्धत नियमांत बसणारी नाही. 'फॉलो-अप' या शब्दालाही नियमांत ठरलेला अर्थ आहे : त्याच डॉक्टरांनी त्याच तक्रारीसाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेले असणे. ज्याची भेट कधीच प्रत्यक्ष झालेली नाही, त्याने प्रत्येक वेळी व्हिडिओचाच आग्रह धरणे बरे.

नियमांतल्या आणखी काही गोष्टी सोशल मीडियावर डॉक्टर शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ऑनलाइन सल्ल्यासाठी जाहिरात करून किंवा आमिष दाखवून रुग्ण ओढणे डॉक्टरांना मना आहे. रुग्णाच्या फोटोंचा गैरवापर हा गैरवर्तनाचा प्रकार म्हणून नमूद आहे. त्यामुळे 'आधी आणि नंतर'च्या रीलसाठी फोटो वापरायचा तर वेगळी संमती हवी, आणि ती नाकारल्याने उपचारात फरक पडता कामा नये. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असेल तर डॉक्टर ऑनलाइनचाच हट्ट धरू शकत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ॲपला स्वतः सल्ला देण्याची किंवा औषध लिहिण्याची परवानगी नाही. ते डॉक्टरांना मदत करू शकते, निर्णय डॉक्टरांचाच. चेहरा स्कॅन करून 'तुम्हाला रोझेशिया आहे, ही क्रीम घ्या' असे सांगणारे ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे.

फी डॉक्टर घेऊ शकतात आणि तिची पावती द्यायला हवी. ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा आहे.

समोर कोण आहे?

'स्किन स्पेशालिस्ट' हे शब्द कोणीही पाटीवर लिहितो. त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या नावापुढे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी अशी पदवी वा पदविका असते आणि सोबत त्वचारोग हा विषय लिहिलेला असतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. गोव्याची परिषद वेगळी आहे. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असणे बंधनकारक आहे आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत तो नावानिशी तपासता येतो. दोन मिनिटांचे काम आहे, पैसे भरण्याआधी करायचे.

ओळख दोन्ही बाजूंनी पटवायची असते. रुग्णालाही नाव, वय, पत्ता द्यावा लागतो. निनावी सल्ला चालत नाही.

फोटो कसा काढायचा?

व्हिडिओ कॉलवर चित्र धूसर होते, म्हणून बहुतेक डॉक्टर आधी फोटो मागवतात. इथे मोबाइलच आड येतो. पुढच्या कॅमेऱ्यात त्वचा गुळगुळीत करणारी सोय अनेकदा आपोआप चालू असते आणि ती नेमके पुरळ आणि लाली पुसते. म्हणून फिल्टर बंद करून, मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कोणाला तरी फोटो काढायला सांगावा. सकाळी खिडकीसमोर, पण थेट ऊन चेहऱ्यावर न घेता. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब दोन्ही रंग बदलतात. चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरला तर रंग कितपत खरा आहे हे समजायला मदत होते.

मेकअप, पावडर, सनस्क्रीन काहीही नको. चेहरा धुऊन अर्धा तास जाऊ द्यावा, कारण चोळून पुसल्यावरची लाली वेगळीच. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, नाक आणि गाल जवळून, पापण्यांच्या कडा जवळून. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यातले तपशील दाबले जात नाहीत.

लाली येते आणि जाते. कॉलच्या वेळी चेहरा नेमका शांत असतो, दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसा. त्यामुळे भडका उडाला असतानाचा फोटो, तारीख-वेळेसह, जपून ठेवावा आणि त्याआधी तासाभरात काय खाल्ले-प्यायले, ऊन लागले का, हे दोन शब्दांत लिहून ठेवावे. मिसळ खाल्ल्यावर त्रास होतो की त्यासोबतच्या कडक चहाने, हे अशा नोंदींतूनच कळते. सगळ्यांनी तिखट सोडायची गरज नसते. ज्याला ज्याने त्रास होतो तेवढेच टाळायचे.

डॉक्टरांनी काय विचारायला हवे?

सल्ला चांगला की घाईचा, हे प्रश्नांवरून ओळखता येते. आधीची मलमे, डोळ्यांची जळजळ, गर्भारपण किंवा त्याची शक्यता, अंगावर पाजणे, चालू असलेली औषधे, सांधेदुखी, तोंडात व्रण, केस गळणे हे विचारले गेले नाही तर रुग्णाने स्वतःहून सांगावे.

शेवटचे तीन प्रश्न ल्युपससाठी आहेत. ल्युपस या आजारातही दोन्ही गालांवर नाकावरून जाणारी लाली येते आणि उन्हाने वाढते. मात्र तिथे सहसा पुरळ-पू नसतो, आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी मोकळी राहते. शंका असेल तर रक्ततपासणी लागते. महाराष्ट्रात आणखी एक शक्यता डॉक्टरांच्या मनात असावी लागते, ती कुष्ठरोगाची. चेहऱ्यावर लालसर चट्टा किंवा सूज, त्या जागी स्पर्श कमी कळणे, कानाच्या पाळ्या जाड होणे ही चिन्हे असतील तर स्क्रीनवर निदान करत बसू नये. संवेदना तपासायला हात लागतो. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

प्रिस्क्रिप्शनमध्ये काय असते?

पुरळ असलेल्या रोझेशियात सहसा सुरुवात लावायच्या औषधाने होते. मेट्रोनिडाझोल जेल हे जुने आणि तुलनेने स्वस्त. ॲझेलेइक ॲसिड सुरुवातीला चुरचुरते, पण सावळ्या त्वचेवर मागे राहणारे काळे डागही फिके करते आणि गर्भारपणातही सहसा चालते. तिसरे आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम. हे नाव कोविडच्या काळात नको तितके गाजले, त्यामुळे काहीजण दचकतात. त्वचेसाठीची क्रीम ही त्या गोळ्यांपेक्षा वेगळी गोष्ट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९६२ रुग्णांच्या चाचणीत १६ आठवड्यांनी आयव्हरमेक्टिनने पुरळ सरासरी ८३ टक्के कमी झाले, मेट्रोनिडाझोलने सुमारे ७४ टक्के. फरक आहे, पण एवढा नाही की स्वस्त औषधाने बरे वाटणाऱ्याने ते बदलावे.

पुरळ जास्त असेल तर डॉक्सिसायक्लीन गोळी जोडली जाते. रोझेशियात ती जंतू मारण्यासाठी नाही, दाह कमी करण्यासाठी दिली जाते, म्हणून कमी मात्राही पुरते. भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. आपल्याकडे किती बायका रोज लोहाची गोळी घेतात हे पाहता हा मुद्दा प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेला असायला हवा. तिने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. गर्भारपणात आणि लहान मुलांना ती टाळतात.

आयसोट्रेटिनॉइन ही वेगळ्याच पातळीवरची गोळी. गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकते, म्हणून गर्भधारणा नसल्याची खात्री आणि औषधाआधी, औषध चालू असताना व नंतरही महिनाभर गर्भनिरोधन आवश्यक असते. यकृत आणि रक्तातली चरबी तपासावी लागते. डॉक्सिसायक्लीनसोबत ती देत नाहीत, कारण कवटीतला दाब वाढण्याचा धोका असतो. पहिल्याच ऑनलाइन कॉलमध्ये, कोणतीही तपासणी न सांगता कोणी आयसोट्रेटिनॉइन लिहिली तर ते प्रिस्क्रिप्शन घेऊन दुकानात जाण्याऐवजी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

कायमची लाली आणि बारीक रक्तवाहिन्या यांवर क्रीम फारशी चालत नाही. रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करणारी जेल काही तास काम करते, परिणाम ओसरल्यावर काहींची लाली दुप्पट जोमाने येते. लेसरचा उपयोग होतो, पण सावळ्या त्वचेवर चुकीच्या लेसरने डाग पडू शकतात. तिथे ऑनलाइनचा विषयच संपतो.

कोणतेही औषध असो, रोज सनस्क्रीन, सौम्य क्लिन्झर आणि साधे मॉइश्चरायझर यांशिवाय ते अर्धेच काम करते. लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच, वाफ आणि चोळून केलेले फेशियल बंद. हळदीच्या समारंभाआधी तर आवर्जून सांगावे की चेहऱ्याला उटणे घासू नका.

परिणाम दिसायला वेळ लागतो : थोडा फरक चार ते सहा आठवड्यांनी, पूर्ण अंदाज आठ ते बारा आठवड्यांनी. दहा दिवसांत चेहरा चकचकीत झाला, तर आनंद मानण्याआधी क्रीमच्या मागचे नाव पुन्हा वाचावे.

कॉल थांबवून प्रत्यक्ष कधी जावे?

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसायला अंधुक झाले असेल तर त्वचेच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. रोझेशिया डोळ्याच्या बुबुळापर्यंत पोहोचू शकतो. रोज वाळू गेल्यासारखे वाटणे, पापण्यांच्या कडा लाल असणे, वारंवार रांजणवाडी येणे हेही डोळ्यांच्या रोझेशियाचे असू शकते, आणि कधीकधी ते चेहऱ्यावर काही दिसण्याआधीच सुरू होते.

एका बाजूलाच वाढणारा चट्टा, न भरणारी जखम, ताप, सुन्नपणा किंवा तीन महिने नीट औषध घेऊनही काहीच फरक नसणे, या वेळी हाताने तपासणारा डॉक्टर हवा.

दुकानात आणि परदेशात

ऑनलाइन प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचे नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि रुग्णाचे नाव-वय असले की ते शेजारच्या दुकानातही चालते. औषध ॲपवरूनच घेण्याची सक्ती नाही. डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शन थेट दुकानाकडे पाठवायचे असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते. दुकानदार 'हे नाही, पण सेम दुसरे आहे' म्हणाला तर मूळ औषधाचे नाव आणि टक्के जुळतात का ते पाहावे. 'सेम'मध्ये एखादा जास्तीचा घटक असतो, आणि तो बहुधा स्टिरॉइडच निघतो.

लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणारे अनेक मराठी लोक पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना व्हिडिओवर चेहरा दाखवतात. भारताबाहेरच्या सल्ल्याला ही मार्गदर्शक तत्त्वे लागू होत नाहीत, आणि भारतीय प्रिस्क्रिप्शनवर तिथले दुकान औषध देईल असे गृहीत धरता येत नाही. इंग्लंडमध्ये ऑनलाइन डॉक्टर सेवांची नोंदणी केअर क्वालिटी कमिशनकडे आणि औषध दुकानांची जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे असते. दोन्ही नोंदी सर्वांना पाहता येतात.

आणि प्रिस्क्रिप्शन एकाच चेहऱ्याचे असते. मोठ्या बहिणीला ज्या औषधाने बरे वाटले त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो, धाकटी तो दुकानात दाखवते, आणि ती दोन महिन्यांची गरोदर असते. डॉक्सिसायक्लीन किंवा आयसोट्रेटिनॉइन असे लिहिलेला कागद पुढे पाठवण्याआधी त्यावरचे नाव कोणाचे आहे ते पाहावे. जुना, सहा-आठ महिन्यांपूर्वीचा कागद स्वतःसाठी वापरतानाही तीच काळजी. मधल्या काळात वजन, औषधे, गर्भारपण, डोळे यांतले काहीतरी बदललेले असू शकते, आणि ते विचारायला डॉक्टरांचा दहा मिनिटांचा कॉल पुरतो.